पायलटला ‘नाही’ म्हणता आले पाहिजे

मा. पर्यटनमंत्री, पर्यटन खात्याचे अधिकारी आणि गोव्यात पॅराग्लायडिंगचा धंदा करणारे मालक यांस,

18 जानेवारी 2025 च्या संध्याकाळी पेडणे तालुक्यातल्या केरीच्या सड्यावरून, म्हणजे पठारावरून, एक पॅराग्लायडर उडाला आणि लगेच दरीत कोसळला. पुण्याहून आलेली 27 वर्षांची तरुणी आणि 26 वर्षांचा नेपाळी पायलट, दोघेही गेले. कंपनीकडे परवानगी नव्हती, पायलटकडे परवाना नव्हता, असे पोलिसांनी सांगितले आणि मालकावर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा नोंदवला. खटल्याचे काय ते न्यायालय बघेल. मला बोलायचे आहे ते दुसऱ्याच्या छत्रीवर आणि दुसऱ्याने घेतलेल्या बुकिंगवर उडणाऱ्या पायलटांबद्दल.

टँडम उड्डाणात पर्यटक पुढे आणि पायलट त्याच्या पाठीशी बांधलेला असतो. पर्यटकाला हार्नेसमधले काही कळत नाही. मांडीचे पट्टे लागले का, कॅराबिनर नीट बंद झाला का, दोऱ्यांत गाठ किंवा चीर आहे का, राखीव पॅराशूट जागेवर आहे का, हे सगळे पायलटनेच हात लावून पाहायचे. मग वारा. समुद्रावरून येणारा वारा कड्यावर आपटून वर चढतो, त्यावरच छत्री तरंगते. तो फार वाढला किंवा तिरका झाला की त्याच कड्यामागे भोवरे उठतात. हे ओळखून ‘आज नाही’ म्हणणे हेच या पेशाचे खरे कसब. दांडीला कॅमेरा लावून हसरा व्हिडिओ काढून देणे कोणालाही जमते.

पण ज्याला फेरीमागे पैसे मिळतात, त्याने नाही म्हटले की त्याची रोजी बुडते. रांगेत माणसे उभी, बुकिंगचे पैसे मालकाच्या खिशात, सीझन मोजक्या महिन्यांचा आणि हा नकार देणार असेल तर दुसरा पायलट तयारच. अशा वेळी ‘पायलटने नीतीने वागावे’ एवढेच सांगून आपण मोकळे होणार असू, तर तो निव्वळ ढोंगीपणा आहे.

याच तालुक्यात मोपाच्या पठारावर जानेवारी 2023 पासून विमाने उतरतात. तिथल्या वैमानिकाला उड्डाणापूर्वी श्वासचाचणी असते, कामाच्या तासांना मर्यादा असते आणि विमानात शेवटचा शब्द कॅप्टनचा असतो. एवढेच कशाला, म्हापशाच्या नाक्यावरच्या पिवळ्या मडगार्डच्या, भाड्याने प्रवासी नेणाऱ्या मोटारसायकल पायलटलाही लायसन लागते, परमिट लागते. माणसाला हवेत नेणारा मात्र कोण, कुठला, कुठे शिकला, हे विचारायला सड्यावर कोणी नाही!

खात्याला जमत नाही असेही नाही. डिचोलीत मयेच्या तळ्याकाठी 2019 पासून बंजी जंपिंग सुरू आहे, तेही पर्यटन विकास महामंडळाच्या पुढाकाराने. मग केरीचा सडा खात्याच्या नजरेआड कसा राहिला?

नुसत्या नियमांनी भागत नाही, हेही खरे. हिमाचलमध्ये हवाई क्रीडांचे नियम 2004 पासून आहेत, तरी केरीच्या अपघाताच्या आठवड्यातच तिथेही पॅराग्लायडिंगमध्ये पर्यटक दगावले. म्हणून कागदी परवान्याच्या पुढचे मागतो आहे. पायलटला दिवसाचा ठरलेला पगार द्या. फेऱ्या दोन होवोत की दहा. वाऱ्यामुळे उड्डाण रद्द झाले तर पर्यटकाचे पैसे पूर्ण परत करा, म्हणजे तोही पायलटशी हुज्जत घालणार नाही. पर्यटकाबरोबर पायलटचाही विमा उतरवा. आणि दिलेल्या नकारांची वही सड्यावर ठेवा. ज्या कंपनीच्या वहीत महिनोन् महिने एकही नकार नसेल, तिथे खात्याने आधी तपासणीला जावे.

पायलटांनो, तुम्हालाही एक सांगायचे आहे. परवाना नसताना उडायला लावणे ही मालकाची चूक असेलच, पण पुढे बांधलेल्या माणसाला ते न सांगणे ही तुमची. पोटाची अडचण मी समजू शकतो. तरी ही गोष्ट लपवण्याचा हक्क तुम्हाला नाही.

मंत्रिमहोदय, पाऊस सरला की सड्यावर पुन्हा छत्र्या उघडतील. त्याआधी परवानगी असलेल्या कंपन्यांची आणि पायलटांची यादी मराठी, कोकणी आणि इंग्रजीत केरी, हरमल आणि मांद्रेच्या किनाऱ्यांवर फलकावर लावा. यादीत नाव नसेल त्याला उडू देऊ नका.

आपला,
पेडण्यातला एक रहिवासी