नोंद नसलेली प्रतीक्षा

२७ सप्टेंबर २०२५ रोजी ओडिशातील झारसुगुडा येथे पंतप्रधानांच्या हस्ते भारत संचार निगमच्या स्वदेशी फोर-जी जाळ्याचे लोकार्पण झाले. ९७,५०० हून अधिक मनोरे आणि सुमारे ३७,००० कोटी रुपयांचा खर्च, असे त्या वेळी जाहीर करण्यात आले. परदेशी यंत्रसामग्रीवर विसंबून न राहता असे जाळे उभारणे ही साधी गोष्ट नव्हे, आणि तिचे श्रेय संबंधित अभियंत्यांना दिलेच पाहिजे. तथापि त्याच महिन्यात मराठवाडा अतिवृष्टीच्या पाण्यात उभा होता, आणि त्याआधी ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यातील हसनाळ, रावणगाव ही गावे पुराने वेढली जाऊन तेथे लष्कराला पाचारण करावे लागले होते, हेही विसरता येत नाही. पुराचा इशारा, मदतीची हाक, पिकाच्या नोंदीचे छायाचित्र आणि अनुदान जमा झाल्याचा निरोप हे सर्व आज एकाच वाटेने जाते. ती वाट किनवट, माहूर, जळकोट, देवणी यांसारख्या तालुक्यांत कोठवर पोचली आहे आणि उरलेली केव्हा पोचणार, या प्रश्नाचे लेखी उत्तर देण्यास आज कोणीही बांधील नाही.

दूरध्वनीसाठी वाट पाहणे या देशाला नवे नाही. घरी दूरध्वनी यावा म्हणून अर्ज करावयाचा, अनामत भरावयाची आणि वर्षानुवर्षे वाट पाहावयाची, हा अनुभव चाळिशी ओलांडलेल्या बहुतेकांच्या घरात आहे. त्या व्यवस्थेत वशिला होता, खासदारांचा कोटा होता, दिरंगाई तर होतीच. परंतु तिच्यात एक गोष्ट होती, जी आज नाही. अर्जदाराला नोंदणीचा क्रमांक मिळत असे. आपल्यापुढे किती जण आहेत हे कार्यालयात जाऊन विचारता येत असे, आणि संसदेत प्रश्न उपस्थित झाला तर प्रतीक्षा यादीचा आकडा मंत्र्यांना सांगावा लागे. अन्याय होता, पण तो मोजता येत होता. आजच्या ग्राहकाजवळ फोन आहे, सिमकार्ड आहे, त्याने पैसेही आगाऊ भरलेले आहेत. त्यामुळे कागदोपत्री तो प्रतीक्षेत नाहीच. ‘रेंज नाही’ हे त्याचे गाऱ्हाणे कोणत्याही यादीत बसत नाही.

हे जाळे सुधारावयाचे म्हणजे नेमके काय करावयाचे, याविषयी बराच गैरसमज आहे. मनोऱ्यावर नवे उपकरण बसविले की काम झाले, अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः मनोरा हा केवळ नळ आहे. त्याला पाणी पुरविणारी वाहिनी जमिनीखालून प्रकाशतंतूच्या रूपाने यावी लागते. जेथे ती नाही तेथे मनोऱ्यामनोऱ्यांमध्ये सूक्ष्मलहरींचा दुवा जोडून काम भागविले जाते, आणि या दुव्याची वहनक्षमता मर्यादित असते. म्हणूनच फोनच्या कोपऱ्यात फोर-जीची अक्षरे दिसतात, रेघा भरलेल्या असतात, आणि तरीही सायंकाळी सातनंतर साधा अर्ज उघडत नाही. दुसरी अडचण लहरींची. कमी कंपनसंख्येच्या, म्हणजे ७०० मेगाहर्ट्झसारख्या पट्ट्यातील लहरी दूरवर जातात व भिंती ओलांडतात. ३३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातील लहरी माहिती पुष्कळ वाहून नेतात, पण त्यांचा पल्ला तोकडा असतो. फाइव्ह-जीच्या वेगाची जाहिरात मुख्यतः या दुसऱ्या पट्ट्याच्या बळावर होते, आणि तो पट्टा दाट वस्तीच्या शहरातच परवडतो. तिसरी अडचण विजेची. वीज गेल्यावर बॅटरी किती तास टिकते आणि डिझेल घेऊन माणूस केव्हा पोचतो, यावर डोंगराळ भागातील मनोऱ्याचे आयुष्य अवलंबून असते. यांतले काहीच दुर्बोध किंवा असाध्य नाही. प्रश्न खर्चाचा आहे, आणि तो खर्च कोठे आधी करावयाचा याचा आहे.

हा क्रम ठरतो कसा? भारतात भ्रमणध्वनीचे परवाने जिल्ह्यावार दिले जात नाहीत. ते परिमंडळावार दिले जातात. मुंबई वगळता उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक परिमंडळ होते. जुन्या परवान्यांतील अट अशी होती की, पहिल्या वर्षात परिमंडळातील १० टक्के आणि तीन वर्षांत ५० टक्के जिल्हा मुख्यालयांत सेवा पोचवावी. मुख्यालयाऐवजी त्याच जिल्ह्यातील दुसरे शहर निवडण्याची मुभाही होती, आणि ‘पोचली’ याचा अर्थ नगरपालिकेच्या हद्दीतील ९० टक्के क्षेत्रात पोचली एवढाच होता. या अटीचे गणित मांडून पाहावे. पुणे, नाशिक, कोल्हापूर, सांगली, सोलापूर, नागपूर अशी नावे भरत गेले की मराठवाड्यात पाऊल न टाकताही निम्मी संख्या सहज पुरी होते. कंपन्यांनी तसेच केले असे नव्हे. नांदेड व लातूर ही व्यापाराची शहरे असल्याने तेथे त्या आपणहून आल्या. पण शहराच्या हद्दीपलीकडे जाण्याची सक्ती त्या अटीत नव्हती, आणि त्यानंतरच्या लिलावांतही परिमंडळ हेच एकक कायम राहिले. ऑगस्ट २०२२ मध्ये संपलेल्या फाइव्ह-जीच्या लिलावातून शासनाला सुमारे दीड लाख कोटी रुपयांच्या बोली मिळाल्या. १ ऑक्टोबर २०२२ रोजी सेवेचा प्रारंभ झाला तेव्हा जाहीर झालेल्या पहिल्या १३ शहरांत महाराष्ट्रातील दोनच होती, मुंबई आणि पुणे.

सरासरीच्या आड दारिद्र्य कसे लपते हे मराठवाड्याला कोणी नव्याने शिकवावे अशी स्थिती नाही. प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने १९८४ साली जिल्हा हे एकक धरून, राज्याच्या सरासरीशी तुलना करून, रस्ते, सिंचन, ग्रामीण विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य आदी क्षेत्रांतील अनुशेष मोजला आणि तो सुमारे ३,१८७ कोटी रुपयांचा भरला. त्या यादीत दूरध्वनी नव्हता. तो केंद्राचा विषय असल्याने राज्याच्या समितीने तो मोजण्याचा प्रश्नही नव्हता. पुढे डॉ. विजय केळकर यांच्या समितीने २०१३ साली जिल्ह्याच्याही खाली जाऊन तालुका हे एकक धरावे असे सुचविले. दरम्यान १९९४ साली स्थापन झालेल्या वैधानिक विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. ज्या काळात रस्त्याइतकीच ही अदृश्य वाट आवश्यक होऊन बसली, नेमक्या त्याच काळात प्रादेशिक असमतोलावर अधिकृतपणे बोट ठेवणारी यंत्रणा नाहीशी झाली.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने या प्रकरणातील सर्वांत खटकणारी बाब दरांची आहे. सिंचनाचा कालवा ज्याच्या शेतापर्यंत आला नाही त्याच्याकडून निदान पाणीपट्टी तरी घेतली जात नाही. येथे तसे नाही. पुण्यातील ग्राहक आणि जळकोटमधील ग्राहक एकाच रकमेचे रिचार्ज करतात. जुलै २०२४ मध्ये खाजगी कंपन्यांनी दर सुमारे ११ ते २५ टक्क्यांनी वाढविले, ती वाढही दोघांना सारखीच लागू झाली. परंतु विशिष्ट योजनांवर फाइव्ह-जीच्या क्षेत्रातील ग्राहकाला अमर्याद वापराची सवलत मिळते. ज्याच्या गावात ते क्षेत्रच नाही, त्याला रोजच्या ठरावीक मर्यादेतच भागवावे लागते, आणि ती मर्यादा गाठण्याइतका वेगही अनेकदा नसतो. किंमत एक आणि वस्तू दोन, असा हा व्यवहार आहे. मागास भागातील ग्राहक पुढारलेल्या भागातील जाळ्याच्या विस्ताराला आपल्या खिशातून हातभार लावीत आहे, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. उलट दिशेने वाहणारे हे अनुदान कोणत्याही अर्थसंकल्पात दिसत नाही.

कंपन्यांची बाजूही ऐकून घ्यावयास हवी. विरळ वस्तीतील मनोऱ्याचा खर्च शहरातील मनोऱ्याहून कमी नसतो, उत्पन्न मात्र त्याच्या अंशानेही येत नाही. रस्ता रुंदीकरणात तंतू तुटतात, ते जोडण्याचा भुर्दंड पडतो. खोदाईच्या परवानग्यांत महिने जातात. खाजगी भागधारकांचा पैसा तोट्यात घालावा अशी अपेक्षा त्यांच्याकडून करता येत नाही, हे खरे. पण नेमके याच कारणासाठी १ एप्रिल २००२ पासून सार्वत्रिक सेवा निधी अस्तित्वात आला. कंपन्यांच्या समायोजित महसुलाच्या ५ टक्के रक्कम त्यात जमा होते. आता त्याचे नाव डिजिटल भारत निधी असे आहे. या निधीतील फार मोठा हिस्सा अनेक वर्षे खर्चाविना पडून राहिला. पैसा नव्हता म्हणून माहूरच्या डोंगरात मनोरा उभा राहिला नाही, हे कारण म्हणूनच पटत नाही.

आणि मग सरकारी कंपनी. जेथे दुसरे कोणी जात नाही तेथे तिने जावे ही अपेक्षा रास्त होती, आणि पुष्कळ ठिकाणी ती गेलीही. परंतु देशात पहिली फोर-जी सेवा एप्रिल २०१२ मध्ये कोलकाता येथे सुरू झाली, सप्टेंबर २०१६ नंतर ती घरोघर पोचली, आणि भारत संचार निगमला मात्र स्वतःच्या देशव्यापी फोर-जीसाठी २०२५ उजाडावे लागले. ऑक्टोबर २०१९ मध्ये पुनरुज्जीवनाची पहिली योजना मंजूर झाली. तिच्यातील स्वेच्छानिवृत्तीने जानेवारी २०२० अखेर सुमारे ७८,५०० कर्मचारी एकाच वेळी बाहेर पडले. वेतनाचा भार हलका झाला, पण तालुक्यातील केंद्रात तंतू जोडणारा अनुभवी हातही गेला. यंत्रणा स्वदेशीच घ्यावी हा निर्णय दूरदृष्टीचा होता; त्याची किंमत मात्र ज्या गावात केवळ याच कंपनीचा मनोरा आहे त्या गावाने मोजली. राष्ट्रीय हिताच्या निर्णयाचा भार कोणावर पडला, हे निदान मोकळेपणाने मान्य तरी करावयास हवे.

जुलै २०२२ मध्ये मंजूर झालेल्या २६,३१६ कोटींच्या योजनेत सेवा नसलेल्या २४,६८० गावांना फोर-जी देण्याचे ठरले. हेतू उत्तम. परंतु येथेही एककाचा प्रश्न येतो. किनवट, मुखेड, कंधार, जळकोट या भागांत महसुली गाव एक आणि त्याच्या पोटात वाड्या, वस्त्या, तांडे अनेक, अशी रचना आहे. गावठाणात रेंज आली की गाव जोडले गेले. टेकडीपलीकडचा तांडा कोणत्याच आकड्यात येत नाही. रेशन दुकानावर अंगठा उमटविण्यासाठी, लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीचा सांकेतिक क्रमांक मिळविण्यासाठी, सातबारावर सोयाबीनची नोंद व्हावी म्हणून ई-पीक पाहणीसाठी तांड्यावरील माणसाला चढणीवर जावे लागते. शासनाने आपली दारे भ्रमणध्वनीत नेऊन बसविली; त्या दारापर्यंतचा रस्ता मात्र कंपन्यांच्या सोयीवर सोपविला. २०२०-२१ मध्ये महाविद्यालये बंद असताना ग्रामीण विद्यार्थ्यांच्या हजेरीचे काय झाले, हे आम्हा शिक्षकांना पुरते ठाऊक आहे. लातूर पॅटर्नच्या शहरात खोली घेऊन राहण्यामागे शिकवणीखेरीज गावी वर्ग ‘दिसत’ नाही हेही एक कारण असते.

याला उपाय नाही असे नाही. जर्मनीने २०१० साली ८०० मेगाहर्ट्झच्या लहरी विकताना उलटा क्रम लावला: प्रत्येक घटक राज्यात पाच हजारांहून कमी वस्तीच्या गावांपैकी ९० टक्के लोकसंख्येला आधी सेवा द्या, मगच मोठ्या शहरांत त्या लहरी वापरा. २०१९ च्या लिलावात २०२२ अखेर ९८ टक्के कुटुंबांपर्यंत पोचण्याची अट घातली गेली, तीही देशाच्या सरासरीने नव्हे, प्रत्येक राज्यात स्वतंत्रपणे. जर्मनीतही सर्व काही मुदतीत झाले अशातला भाग नाही. पण कोण, कोठे, किती मागे राहिले, हे तेथे विचारता येते.

आपल्याकडे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ऑगस्ट २०२४ मध्ये सेवेच्या दर्जाविषयी नवे विनियम काढले. कंपन्यांनी सेवाक्षेत्राचे नकाशे प्रसिद्ध करावेत, आणि एखाद्या जिल्ह्यात सेवा २४ तासांहून अधिक काळ ठप्प झाली तर ग्राहकाला सवलत द्यावी, असे त्यांत आहे. पाऊल योग्य दिशेचे आहे. मात्र नांदेड जिल्ह्यात १६ तालुके आहेत. एकटा माहूर दोन दिवस मुका झाला तर जिल्हा ठप्प झाला असे होत नाही. आणि नकाशा आज काय आहे ते दाखवितो, उद्या केव्हा होणार ते नाही. प्रत्येक तालुक्यातील मनोऱ्यांची यादी, कोणता प्रकाशतंतूला जोडलेला आहे व कोणता नाही, आणि सुधारणेची नियोजित तारीख, एवढे जिल्हाधिकारी कार्यालयात व संकेतस्थळावर मराठीत लागले तरी जुन्या प्रतीक्षा यादीइतकी पारदर्शकता येईल. तारीख चुकली तर त्या तालुक्यातील ग्राहकांना दरात सूट, ही त्याची पुढची पायरी.

पुढील लिलावाच्या अटी ठरण्यापूर्वी हेच प्राधिकरण सल्लामसलतीचा मसुदा प्रसिद्ध करील आणि कोणाही नागरिकाला किंवा संस्थेला त्यावर लेखी अभिप्राय पाठविता येईल. आजवर हे अभिप्राय प्रामुख्याने कंपन्या, त्यांच्या संघटना आणि महानगरांतील काही अभ्यासगट पाठवीत आले. नांदेड व लातूरच्या जिल्हा परिषदा, बाजार समित्या, व्यापारी महासंघ आणि स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ यांनी तालुका हे एकक धरावे एवढी एकच मागणी, आपापल्या तालुक्यांच्या मोजणीसह, त्या मुदतीत पाठवावयास हवी. मुदत काही आठवड्यांचीच असते. मोजणीला त्याआधी लागावे लागेल.