पिल्लांचा हिशेब

शनिवार पेठेतील जुन्या वाड्यांत मांजर कोणी विकत आणीत नसे. ती येई आणि राही. व्याली की पिल्ले माळ्यावर, सरपणाआड वाढत. आता वाड्यांच्या जागी इमारती झाल्या, माळे गेले. चार पिल्लांपैकी एखाद्यास घर मिळते. उरलेली खोक्यात घालून नदीकाठी सोडली जातात. पाळलेल्या प्राण्याला असे सोडून देणे हा १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे, हे सोडणाऱ्यास बहुधा ठाऊकही नसते.

मांजर पाच-सहा महिन्यांची होताच गाभण राहू शकते, नऊ आठवड्यांत विते, आणि पिल्ले अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. व्यापाऱ्यास चक्रवाढीचे गणित वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

तरीही शस्त्रक्रियेचे नाव निघताच श्रावकाचे मन कचरते. अहिंसा-अणुव्रताच्या पाच अतिचारांत छविच्छेद आहे. ही शंका हसण्यावारी नेण्याजोगी नाही. ती गुरुमहाराजांपुढे अवश्य मांडावी. मात्र त्याच पाचांत अन्नपाननिरोधही आहे, आणि खोक्यातल्या पिल्लांच्या वाट्याला नेमका तोच येतो. भूल देऊन एकदाच केलेली शस्त्रक्रिया आणि दर विणीस उपाशी मरणारी पिल्ले, यांत कमी हिंसा कोणती, हे ओळखणे अवघड नसावे.

मुंबईत १८३२ साली सरकारने मोकाट कुत्री मारण्याचा सपाटा लावला, तेव्हा पारशी, जैन, हिंदू व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवली. दोन वर्षांनी तेथे पांजरापोळ उभी राहिली. परंतु कोणत्याही पांजरापोळीच्या भिंतींना मर्यादा असते. २०२३ च्या नियमांनी घरच्या प्राण्याच्या लसीकरणाची आणि नसबंदीची जबाबदारी मालकावर ठेवली आहे. बोका किंवा कुत्रा नर आहे म्हणून सुटका नाही. पिल्ले शेजारच्या घरी होतात, एवढेच.

महागडे जातिवंत पिल्लू विकत घेण्याची हौस हा याच हिशेबाचा दुसरा भाग. पंधरा कर्मादानांत केशवाणिज्य, म्हणजे जिवांचा व्यापार, वर्ज्य सांगितला आहे. विकणारा आहे तो घेणाऱ्यामुळेच. त्यापेक्षा रस्त्यावरचे पिल्लू घरी आणावे.

ज्यांना शस्त्रक्रिया नकोच, त्यांनी कुत्री माजावर असताना सुमारे तीन आठवडे तिला घरात राखावे. मांजरीच्या बाबतीत ही राखण जवळजवळ अशक्य. ती हंगामात पुन्हा पुन्हा माजावर येते आणि कौलांवरून जाते. शनिवार पेठेत कौले अजून आहेत.