हत्यारांची पूजा आणि शिकवणारे हात

उद्या खंडेनवमी. राज्यातल्या आयटीआयच्या कार्यशाळांत आज लगबग असेल. लेथवरचा लोखंडाचा कीस झाडला जाईल, कानशी, हातोडे, गुण्ये पुसून टेबलावर मांडले जातील, यंत्रांना झेंडूचे हार चढतील. मुलांना घेऊन पूजेला उभा राहील तो त्यांचा निदेशक. त्याच्या घरचा हिशेब मांडायला याहून योग्य दिवस नाही.

आयटीआयमधले शिक्षण ज्या शिल्प कारागीर प्रशिक्षण योजनेखाली चालते, ती १९५० साली सुरू झाली. आज महाराष्ट्रात चारशेहून अधिक शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. जोडारी, कातारी, संधाता, वीजतंत्री, तारतंत्री ही माणसे तिथे घडतात. ही विद्या नुसत्या पुस्तकातून येत नाही. कानस कुठे दाबायची आणि कुठे सैल सोडायची, हे मुलाच्या हातावर हात ठेवूनच दाखवावे लागते. मेन स्विच बंद केल्यावरही आधी टेस्टर लावायचा, ही सवय शंभरदा बजावून अंगी बाणवावी लागते. इथे शिकवण्यात राहिलेली चूक परीक्षेतले गुण घालवून थांबत नाही. ती बोट घालवते, कधी जीवही.

अशा शिक्षकांची आपण एकाच छताखाली वेगवेगळी प्रतवारी लावली आहे. काही नियमित वेतनश्रेणीत, काही करारावर, काही तासिका तत्त्वावर. शाळांमधल्या नववी ते बारावीच्या व्यावसायिक विषयांना तर अनेक ठिकाणी बाहेरच्या संस्थेमार्फत नेमलेला प्रशिक्षक. फळा तोच, यंत्र तेच, मुलेही तीच. महिनाअखेरीस हातात पडणारी रक्कम मात्र वेगळी.

फरक आकड्यापुरता नाही. वेतनाला महागाईची चाहूल लागते, मानधनाला लागत नाही. श्रम ब्युरो औद्योगिक कामगारांसाठी ग्राहक किंमत निर्देशांक काढतो. त्याच्या आधारे केंद्राचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैपासून, ठरतो आणि राज्य सरकारही त्यामागोमाग आपल्या कर्मचाऱ्यांचा भत्ता वाढवते. मानधन मात्र शासन निर्णय निघेल तेव्हाच हलते. मधल्या काळात गॅस, भाजी, घरभाडे, मुलांची फी आणि एसटीचे तिकीट कोणत्याही शासन निर्णयासाठी थांबत नाही. चार वर्षांपूर्वी ठरलेले मानधन आज तेवढेच मिळत असेल, तर त्या माणसाचा पगार दर महिन्याला कापला जातो आहे. फक्त त्या कपातीचा कागद निघत नाही.

महागाई भत्त्याचा इतिहास मुंबईला चांगला ठाऊक आहे. दुसरे महायुद्ध सुरू होऊन भाव चढले, तेव्हा १९४०च्या मार्चमध्ये इथल्या गिरणी कामगारांनी याच भत्त्यासाठी संप केला. भाव वाढले की मजुरी वाढली पाहिजे, हे तत्त्व कामगारांनी झगडून मिळवले. त्याच कामगारांच्या पुढच्या पिढ्यांना जे यंत्र चालवायला शिकवतात, त्यांतल्या अनेकांना ते तत्त्व आज लागू नाही.

तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाची अडचण आणखी खोल आहे. तास झाला तर पैसे. दिवाळीची सुट्टी लागली की घराघरात आकाशकंदील लागतात आणि त्याची कमाई थांबते. परीक्षेचे दिवस, उन्हाळ्याची सुट्टी, सगळीकडे हीच कथा. घेतलेल्या तासांचे बिलही महिनोन्‌महिने अडकते, तेव्हा वाणसामानाची उधारी वाढत जाते.

समान कामाच्या वेतनाबाबत न्यायालयांनी संदिग्धता ठेवलेली नाही. पंजाब राज्य विरुद्ध जगजित सिंग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली सांगितले, की समान काम करणाऱ्या हंगामी कर्मचाऱ्याला नियमित वेतनश्रेणीतले किमान वेतन मिळालेच पाहिजे. गुजरातमधल्या करारावरील सहायक प्राध्यापकांना महिना सुमारे ३० हजार, तर त्याच कामासाठी नियमित सहकाऱ्यांना लाखाहून अधिक मिळत होते. २०२५ साली त्यांची बाजू मान्य करताना, समारंभांतून गुरुमहिमा गाणे पुरेसे नाही, असे याच न्यायालयाने सुनावले. राज्यघटनेचा अनुच्छेद ४३ तर निर्वाह वेतनाची दिशा कधीपासूनच दाखवतो आहे.

तिजोरीवरचा ताण खरा आहे. वेतन, निवृत्तिवेतन आणि व्याज यांत राज्याच्या उत्पन्नाचा मोठा वाटा जातो, हे आम्ही नाकारत नाही. पण कार्यशाळेत लाखो रुपयांची सीएनसी यंत्रे बसवायची आणि ती शिकवणारा माणूस जवळच्या एमआयडीसीतला कारखाना दोन पैसे जास्त देतो म्हणून निघून जाऊ द्यायचा, ही काटकसर नव्हे. तो गेला की यंत्रावर प्लॅस्टिकचे आच्छादन येते आणि मुले सुपरवायझरच्या भरवशावर सोडली जातात. निम्म्या विद्यार्थ्यांना तरी व्यावसायिक शिक्षणाची ओळख व्हावी, असे २०२५ पर्यंतचे उद्दिष्ट २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ठेवले होते. शिक्षकच टिकले नाहीत, तर ही ओळख करून द्यायची कोणी?

म्हणून सरकारकडे आमच्या मागण्या सरळ आहेत. रिक्त पदे नियमित भरतीने भरावीत. ती भरेपर्यंत करारावरच्या आणि तासिका तत्त्वावरच्या प्रत्येक शिक्षकाला वेतनश्रेणीतले किमान वेतन द्यावे, ते महागाई निर्देशांकाशी जोडावे, बाराही महिने द्यावे आणि ठरलेल्या तारखेला द्यावे. यात उपकार कुठलाही नाही. झालेल्या कामाचा हा मोबदला आहे.

वाचकांनाही एक विनंती. आपल्या घरातला फ्यूज बदलणारा, गाडी दुरुस्त करणारा, खिडकीची जाळी जोडणारा कारागीर कोणाकडे शिकला, हे उद्या त्याला विचारा. तो एका निदेशकाचे नाव सांगेल. त्या निदेशकाला या महिन्याचा पगार मिळाला का, हा प्रश्न मग आपल्या आमदारांना विचारा.