पलंगाखाली लपवलेला सिलिंडर

शिक्षणासाठी पुण्यात आलेल्या प्रत्येकाला एक गोष्ट पहिल्याच आठवड्यात कळते : रविवारी संध्याकाळी मेस बंद असते. दुसरी कळायला महिना लागतो. मेसचं बिल, बाहेरचा चहा-पोहे आणि रात्री अकराला लागणारी भूक यांची बेरीज घरून येणाऱ्या पैशात बसत नाही. मग तीन-चार रूमी वर्गणी काढतात आणि खोलीत एक छोटा सिलिंडर येतो, डोक्यावरच बर्नर बसवलेला. संपला की गल्लीतल्या दुकानात नेऊन द्यायचा, किलोच्या भावाने भरून मिळतो. कार्ड नको, पत्त्याचा पुरावा नको, प्रश्न नकोत. नाशिक, नागपूर, छत्रपती संभाजीनगर... शहर बदलतं, सिलिंडर तोच.

घरमालक आले की तो पलंगाखाली जातो. कारण भाडेकराराच्या वेळी एक वाक्य ठणकावून सांगितलेलं असतं, ‘खोलीत गॅस चालणार नाही.’ आणि माझा मुद्दा इथेच आहे. या बंदीने सिलिंडर खोलीतून जात नाही, तो फक्त लपतो. आणि लपवलेला सिलिंडर उघड्यावर ठेवलेल्या सिलिंडरपेक्षा कितीतरी जास्त धोक्याचा असतो.

आधी तो भरतो कसा ते बघू. दुकानदाराकडे असतो घरगुती वापराचा १४.२ किलोचा सिलिंडर. त्यातला गॅस जोडणी लावून आपल्या छोट्या टाकीत उतरवला जातो. परवान्याशिवाय एका सिलिंडरमधून दुसऱ्यात गॅस भरणं हा गुन्हा आहे, हे दुकानदाराला नीट माहीत असतं. म्हणून तर हे काम मागच्या खोलीत चालतं. पण कायदा बाजूला ठेवला तरी एक साधं विज्ञान उरतं. सिलिंडरमध्ये एलपीजी दाबाखाली द्रवरूपात असतो आणि उष्णतेने हा द्रव फुगतो. त्यामुळे टाकी कधीच काठोकाठ भरायची नसते, वर मोकळी जागा सोडावी लागते. कंपनीच्या प्लांटमध्ये सिलिंडर वजनावर भरतात, व्हॉल्व्ह गळतोय का ते तपासतात, मग सील लावतात. गल्लीत ‘फुल भरला’ याचा अर्थ एवढाच की आता आणखी जात नाही. अशी टाकी मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ठेवायची म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

तुम्ही म्हणाल, मग रीफिल हा प्रकारच वाईट. तसं अजिबात नाही. अमेरिका, कॅनडात बरेच लोक चाकांवरच्या ट्रेलरमध्ये राहतात, काही जण तर भर हिवाळ्यातसुद्धा. ट्रेलरच्या तोंडाशी प्रोपेनच्या टाक्या बसवलेल्या असतात आणि त्यावर आतला हीटर, शेगडी चालते. टाकी रिकामी झाली की ती उघडपणे भरण्याच्या ठिकाणी न्यायची. तिथे प्रशिक्षित माणूस ती भरतो. साधारण ८० टक्के भरली की आतला तरंगता व्हॉल्व्ह गॅस आत घेणं थांबवतो. तपासणीची तारीख उलटलेली टाकी भरून देत नाहीत. ट्रेलरच्या आत गॅसगळतीचा अलार्म असतो, तोही जमिनीलगत. म्हणजे रीफिल तिथेही आहे, इथेही आहे. फरक आहे तो मोजमाप, तपासणी आणि उघडपणा या तीन गोष्टींचा.

अलार्म जमिनीलगत का? कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो. प्रोपेन सुमारे दीडपट, ब्युटेन सुमारे दुप्पट, आणि आपल्या सिलिंडरमध्ये या दोघांचंच मिश्रण असतं. गळला की तो वर जात नाही, फरशीवर पसरतो, कोपऱ्यात साचतो. आता आपली खोली डोळ्यांसमोर आणा. दहा बाय बाराची जागा, चौघे जण, त्यातले दोघे फरशीवर गादी टाकून झोपलेले. डासांमुळे खिडकी बंद. सिलिंडर पलंगाखाली, म्हणजे झोपलेल्याच्या डोक्यापासून हातभर अंतरावर. हवेत दोन टक्क्यांच्या आसपास गॅस मिसळला तरी एका ठिणगीने पेट घेऊ शकतो आणि ती ठिणगी दिव्याच्या बटणातूनही येते. गॅसला मुळात वास नसतो. कळावं म्हणून त्यात उग्र वासाचं रसायन मिसळतात. पण गाढ झोपलेल्या माणसाला वासाने जाग येईलच, यावर किती भरवसा ठेवायचा?

बरं, कायदेशीर मार्ग नाही असंही नाही. तेल कंपन्यांचा पाच किलोचा सिलिंडर २०१३ पासून खुल्या विक्रीत आहे. इंडियन ऑइलने २०२० मध्ये त्याला ‘छोटू’ असं नावही दिलं. तो घ्यायला स्थानिक पत्त्याचा पुरावा लागत नाही, ओळखपत्र दाखवलं की पुरतं. गॅस एजन्सीत आणि काही पेट्रोल पंपांवर तो मिळतो, रिकामा दिला की भरलेला मिळतो. बाहेरगावाहून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी आणि कामगारांसाठीच ही सोय आहे. तरी दहा मित्रांना विचारून बघा, किती जणांना माहीत आहे?

‘पण तो महाग पडतो ना!’ हा आक्षेप खरा आहे. घरगुती सिलिंडरपेक्षा त्याचा किलोमागचा दर जास्त असतो, शिवाय सुरुवातीला सिलिंडरचे पैसे वेगळे. पण तुलना घरच्या सिलिंडरशी नाही, गल्लीतल्या भावाशी करायला हवी. तिथे किलोला जे पैसे घेतात ते घरगुती दरापेक्षा वरचढच असतात, आणि आत नक्की किती गॅस गेला हे दुकानदाराच्या शब्दावर. साधा बर्नर पूर्ण आचेवर तासाला दीडशे ते दोनशे ग्रॅम गॅस खातो. म्हणजे पाच किलोत साधारण २५ ते ३३ तास. रोज तासभर शेगडी पेटली तर जवळपास महिना निघायला हवा. तुमचा ‘फुल भरलेला’ पाच किलोचा सिलिंडर पंधरा दिवसांतच संपत असेल, तर स्वस्त काय पडलं याचा हिशेब पुन्हा मांडा. ज्यांच्याकडे वायरिंग धड आहे त्यांना इंडक्शनही आहेच, पण वीजबिलावरून घरमालकाशी वाद होतो तो वेगळा.

सिलिंडर अधिकृत असला तरी चार गोष्टी स्वतः बघाव्या लागतात. वरच्या पट्टीवर ‘ए-२७’, ‘सी-२८’ असं काही लिहिलेलं असतं, ती तपासणीची मुदत. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. मुदत उलटली असेल तर सिलिंडर सरळ परत करा. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्यावरच लिहिलेलं असतं. घेताना वजन करून मागा, तो तुमचा हक्क आहे. किती गॅस उरलाय ते बघायला हलवून कशाला बघायचं? ओल्या फडक्याने बाहेरून पुसा. जिथवर द्रव आहे तिथवरचा ओलावा उशिरा वाळतो. सिलिंडर कायम उभा, शेगडी त्याच्यापेक्षा उंचावर, नळी आयएसआय मार्कची आणि पाच वर्षांच्या आत बदललेली. गळतीची शंका आली तर काडी लावून नाही, साबणाच्या पाण्याने तपासा. वास आलाच तर दिव्याच्या बटणाला हात लावू नका. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर पडा आणि १९०६ ला फोन लावा.

एवढं आपण करू. पण बाकीच्यांनीही थोडं करायला हवं. घरमालकांनी ‘गॅस चालणार नाही’ऐवजी ‘अधिकृत सिलिंडरच चालेल, तोही खिडकीजवळच्या ओट्याशी’ अशी अट घालावी. भाडं घेताय, तर मुलं जेवणार हेही गृहीत धरा की. कॉलेजांनी प्रवेशाच्या वेळी माहितीपुस्तिकेत रॅगिंगविरोधी नियमांशेजारी जवळच्या गॅस एजन्सीचा पत्ता छापावा. एजन्सीवाल्यांनी पाच किलोचा सिलिंडर मागणाऱ्या पोराला ‘स्टॉक नाही’ म्हणून वाटेला लावू नये. तो तिथून निघाला की थेट गल्लीतल्याच दुकानात जातो.

आणि पोलिसांची धाड पडली, दुकानदार पकडला गेला, अशी बातमी आली की आपण ती वाचून पान उलटतो. तो दुकानदार गेला तर दुसरा येईल, कारण गिऱ्हाईक आपणच आहोत. या आठवड्यात रूमवरच्या सगळ्यांनी मिळून एवढंच करा : पलंगाखालचा सिलिंडर बाहेर काढा, त्यावर आयएसआय मार्क आणि तारीख आहे का ते बघा. नसेल तर तो पुन्हा भरायला नेऊ नका. ओळखपत्र घ्या आणि एजन्सीत जा.