भुलीच्या डॉक्टरीणबाई

मराठी भाषेने एका शास्त्रावर मोठाच अन्याय करून ठेवला आहे. भूल म्हणजे चूक, भूल म्हणजे मोह, रानात वाटसरूला पडते तीही भूल. आणि पोट फाडले तरी माणसाला कळू नये म्हणून डॉक्टर देतात तीही भूलच! चूक आणि उपकार असे एकाच पाटावर बसवल्यावर लोकांचा घोटाळा व्हायचाच. माझ्या भाचीने भूलशास्त्र घेतले, तेव्हा शेजारच्या काकूंनी ताईला विचारले होते, "म्हणजे खरी डॉक्टर नाही का व्हायची?" गेली वीसएक वर्षे वर्गात शब्दार्थ सांगणारा तिचा मामा त्या वेळी शेजारीच बसला होता, पण काकूंचे शंकासमाधान करणे हे विद्यापीठाच्या कोणत्याही अभ्यासक्रमात बसत नाही.

वास्तविक या विद्येचे कूळ चांगले खानदानी आहे. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात मॉर्टन नावाच्या दंतवैद्याने एका रोग्याला ईथर हुंगवले आणि त्याच्या मानेवरची गाठ चारचौघांसमक्ष कापली गेली. पुढच्याच वर्षी एडिंबरोच्या सिम्प्सनसाहेबांनी क्लोरोफॉर्म आणला. १८५३ मध्ये व्हिक्टोरिया राणीने बाळंतपणात तो हुंगला, आणि मग काय, राणीने घेतला म्हटल्यावर तो शिष्टसंमतच झाला. आपल्याकडे हैदराबादला डॉ. एडवर्ड लॉरी यांनी १८८८ आणि १८८९ साली क्लोरोफॉर्मच्या चौकशीसाठी दोन कमिशने भरवली. त्या गोतावळ्यात डॉ. रूपाबाई फर्दूनजी नावाच्या पारशी बाई भूल देत असत. जगातल्या अगदी पहिल्या स्त्री-भूलतज्ज्ञांत त्यांची गणना होते. हे लॉरीसाहेब होते हैदराबादच्या रेसिडेन्सीचे सर्जन. आमची भाचीही 'रेसिडेन्सी'तच होती म्हणा. फरक इतकाच की तिच्या रेसिडेन्सीला झुंबरे नव्हती, ढेकूण होते.

ही रेसिडेन्सी म्हणजे एमबीबीएसनंतरची तीन वर्षे, ज्यात शिकणारा डॉक्टर इस्पितळातच राहतो आणि निजायचे तेवढे विसरतो. कोणी कुठे राहायचे हे प्रवेशपरीक्षेतला क्रमांक ठरवतो. भाचीच्या क्रमांकाने तिला मुंबई-पुणे दाखवले नाही. एका जिल्ह्याच्या गावातल्या इस्पितळात डीएनबीची जागा मिळाली, ज्याचे नाव सांगितले की ऐकणारा "हां, हां," म्हणतो आणि दुसराच विषय काढतो.

आता मोठ्या कॉलेजात हृदयाच्या, मेंदूच्या शस्त्रक्रिया बघायला मिळतात हे खरे, पण नळी घालायला पुढे दहा ज्येष्ठ उभे असतात. भाचीच्या इस्पितळात भुलीचे मोठे डॉक्टर मोजून दोन. रात्री अडलेली बाई आली की ही उठायची. मण्यार चावलेला शेतमजूर यायचा. त्या विषाने श्वासाचे स्नायूच लुळे पडतात. त्याच्या श्वासनळीत नळी घालून कृत्रिम श्वास चालू ठेवायचा, कधी दोन दिवस, कधी पाच. फवारणीचे औषध पोटात गेलेली माणसे यायची. तीन वर्षांनी परीक्षा दिली, तीही देशभर एकाच प्रश्नपत्रिकेची. पास होऊन, पदवीची नोंद करून बाईसाहेब मुंबईला नोकरी शोधायला आल्या.

आणि इथे तिला एक प्रश्न भेटला : "कुठून केलंत?"

लग्नाच्या बाजारात जसे 'मूळ गाव कोणते', तसे हे. एका बड्या इस्पितळात मुलाखत घेणाऱ्या गृहस्थांनी अर्जावरचे इस्पितळाचे नाव दोनदा वाचले, चष्मा काढून पुसला आणि "कळवू" म्हणाले. दुसरीकडे तिला विचारले, हृदयाच्या किती केसेस केल्या? ती म्हणाली, "हृदयाच्या नाही. सिझेरियनच्या विचारा." त्यांनी विचारल्या नाहीत. गंमत पाहा, जिल्ह्याजिल्ह्यांतून भूलतज्ज्ञ नाही म्हणून बाळंतिणी पुढच्या गावी धाडतात. ही टंचाई भागवण्यासाठी सरकारला साध्या एमबीबीएस डॉक्टरांना १८ आठवडे शिकवून भूल द्यायला उभे करावे लागले. म्हणजे तिकडे माणूस नाही म्हणून रड, आणि तिथेच शिकलेले माणूस इकडे आले तर त्याचे गोत्र विचारायचे! मग तिकडेच का नाही राहिली, असे वाचक विचारतील. ताईचे गुडघे आणि मेव्हण्यांचे डोळे हे त्याचे उत्तर आहे. घरात दुसरे कोणी नाही.

नोकरी मिळेना तेव्हा तिने भुलीच्या डॉक्टरांचा जुना मार्ग धरला, फिरस्तीचा. सर्जनचा फोन आला की बॅग उचलायची आणि या नर्सिंग होममधून त्या नर्सिंग होममध्ये लोकलने धावायचे. फी सर्जनच्या बिलाच्या शेपटाला बांधलेली; रोग्याला तर पुष्कळदा भुलीच्या डॉक्टरचे नावही ठाऊक नसते. ज्याने रात्रभर श्वास राखला तो निनावी, आणि पेढ्यांचा पुडा टाके घालणाऱ्याला!

एका सकाळी असाच फोन आला. सहा वर्षांचा मुलगा, हर्नियाची शस्त्रक्रिया. हिने मुलाला सहज विचारले, "सकाळी काय खाल्लंस रे?" मुले खरे बोलतात. आजीने तासापूर्वी लपवून दोन बिस्किटे दिली होती. भूल दिल्यावर पोटातले अन्न उलटून फुप्फुसात उतरू शकते, म्हणून अशा खाण्यानंतर सहा तास थांबायचे हा नियम. तसे तिने सांगितले. सर्जन म्हणाले, "मॅडम, दोन बिस्किटांनी काय होतंय? दुपारी माझी ओपीडी आहे." ही म्हणाली, "मग उद्या करू या."

त्यानंतर महिनाभर त्या दवाखान्याचा फोन नाही. दवाखान्यांची आपसात बोलणी असतात. आणखी दोन ठिकाणचेही थंडावले. ताई मला म्हणाली, "तू तरी सांग तिला, नवीन आहेस, जरा जुळवून घे." मी तोंड उघडले मात्र. भाची म्हणाली, "मामा, तू पेपर तपासताना जुळवून घेतोस?" मी पुन्हा चहाकडे वळलो. (घेतो, कधी कधी. पण माझ्या पेपरातल्या मुलाचा श्वास थांबत नाही.)

भाद्रपदात उपनगरातल्या एका धर्मादाय इस्पितळात तिची मुलाखत झाली. इमारत जुनी, पंखे कुरकुरणारे. पण तिने मुलाखतीआधी ऑपरेशन थिएटर बघायला मागितले आणि भुलीच्या यंत्राशेजारी कॅप्नोग्राफ आहे की नाही ते पाहून घेतले. रोग्याच्या उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारे हे यंत्र, नळी श्वासनळीतच गेली की चुकून अन्ननळीत, हे चटकन सांगते. मुलगी बघायला आलेल्यांनी स्वयंपाकघरात डोकावावे तशातला हा प्रकार. पण तिथल्या प्रमुख डॉक्टरीणबाईंना तो आवडला असावा. त्यांनी 'कुठून केलंत' विचारलेच नाही. विचारले, "रोगी झोपलाय, नळी जात नाही, प्राणवायू उतरतोय. पहिलं काय कराल?"

"ओरडून मदत बोलवीन," भाची म्हणाली.

पुढे मास्क कसा धरीन, कितीदा प्रयत्न करीन, गळ्यातून वाट करायची वेळ केव्हा समजेन, असे बरेच झाले. त्यातले मला निम्मेच समजले. पण पहिल्या उत्तरालाच बाईंनी मान हलवली होती म्हणे. तिथे येणाऱ्या बहुतेकांनी आधी औषधांची नावे घेतली होती.

पगार बेताचा आहे. बड्या इस्पितळाच्या आकड्यापुढे बराच बेताचा. आठवड्यातून दोन रात्रपाळ्या आहेत. नवीन माणूस म्हणून लक्ष्मीपूजनाची रात्र तिच्याच वाट्याला आली. जुन्यांनी ती आधीच वाटून टाकली होती; याबाबतीत इस्पितळे आणि कॉलेजे सारखीच. ताई जरा हिरमुसली, मग डबा भरायला बसली. "एकटीचा नको," भाचीने बजावले, "दोन सिस्टर आहेत, वॉर्डबॉय आहे, सर्जन आहेत, बाळंतिणींचे नातेवाईक बाकावर बसलेले असतात. आणि चकल्या वेगळ्या ठेव. ज्यांचं ऑपरेशन ठरलंय त्यांच्या हाती लागता कामा नयेत."