तांबड्या शाईच्या आधी

काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ मासिकाने १९०९ मध्ये दिवाळी अंकाची जी प्रथा पाडली, तिचे शाळेतले धाकटे भावंड म्हणजे हस्तलिखित, अर्थात मुलांनी लिहून, चित्रे काढून एकाच प्रतीत बांधलेला अंक. नांदेड-लातूरच्या प्राथमिक शाळांत तो अजून निघतो. मात्र पुष्कळदा कविता ‘किशोर’ मासिकातून उतरवलेल्या, सुविचार फळ्यावरचे आणि अक्षर वर्गातल्या एकाच वळणदार हाताचे असते. अशा अंकाला बक्षीस मिळते, पण त्यात मूल सापडत नाही.

फ्रान्समधील खेड्यातले शिक्षक सेलेस्तँ फ्रेने यांनी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात वर्गातच छोटा छापखाना आणून मुलांचे मुक्तलेखन, म्हणजे विषय आणि लांबी मुलानेच ठरवलेले लेखन, छापण्यास आरंभ केला. मराठवाड्यात हे करायला छापखानाही लागत नाही, चुका दाखवणारी तांबडी शाई थोडा वेळ बाजूला ठेवली तरी पुरते. देगलूर-बिलोलीकडे तेलुगू, उदगीर-देवणीकडे कन्नड, तांड्यांवर गोरमाटी आणि किनवटच्या रानात गोंडी-कोलामी कानावर घेऊन वाढलेले मूल पहिल्या खर्ड्यात घरचेच शब्द लिहिणार; शुद्धलेखन शिकवायचेच आहे, पण ते दुसऱ्या खर्ड्याचे काम होय.

चित्रांचेही तेच आहे. व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ च्या ग्रंथात दाखवल्याप्रमाणे साधारण सात ते नऊ वर्षांचे मूल सर्व वस्तू एका आधाररेषेवर, म्हणजे जमीन दर्शवणाऱ्या रेघेवर, उभ्या करते, महत्त्वाची वस्तू मोठी काढते आणि प्रसंगी भिंत पारदर्शक करून घराचे आतले दाखवते. म्हणून ज्वारीचे कणीस घरापेक्षा उंच असते आणि भिंतीपलीकडे भाकरी थापणारी आजी स्पष्ट दिसते. अशी चित्रे चूक समजून पुसली जातात आणि त्यांच्या जागी दोन डोंगर, मधला सूर्य आणि खळाळती नदी येते. ज्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथल्या मुलाच्या वहीत ही नदी कुठून आली, हे कोणी विचारत नाही.

‘लातूर पॅटर्न’ने, म्हणजे सराव परीक्षांच्या शिस्तबद्ध पद्धतीने, सामान्य घरांतील मुलांना वैद्यकीय प्रवेशापर्यंत नेले, हे श्रेय नाकारता येत नाही, पण ठरलेल्या उत्तराची ती सवय चौथीच्या वर्गापर्यंत खाली उतरवणे अनाठायी आहे. नांदेडच्या सुरेश सावंत यांच्या ‘आभाळमाया’ या पुस्तकाला २०२५ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला, तो मोठ्यांनी मुलांसाठी केलेल्या लेखनाचा गौरव होता, मुलांच्या स्वतःच्या लेखनाकडे त्याच गांभीर्याने पाहणे अजून बाकी आहे.

शिक्षकांना विनंती एवढीच की, हस्तलिखिताचे काम जुलैतच हाती घ्यावे आणि सहामाही परीक्षेपूर्वी अंक बांधून मुलांच्या हाती द्यावा, कारण मुखेड, कंधार, जळकोट या भागांतील ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात आणि त्यांची मुलेही त्यांच्याबरोबर जातात.