घरची मोटार : सुकाणूची निगा

मुंबईस कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली व १९७४ पासून ‘पद्मिनी’ या नावाने ओळखली गेलेली मोटार अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनकडील ज्या कुटुंबांनी अद्याप जपली आहे, त्यांच्याकरिता आम्ही हे चार शब्द लिहीत आहो. खाऱ्या वाऱ्याने गंजलेला पत्रा डोळ्यांस दिसतो. स्टिअरिंगचे गंजलेले सांधे दिसत नाहीत.

स्टिअरिंगचे चक्र बरेच फिरविल्यावाचून गाडी वळेनाशी झाली, की पेटीवरील स्क्रू आवळण्याचा मोह पुष्कळांस होतो. तो आवरावा. दोष बहुधा टाय रॉडच्या बॉल जॉइंटांत असतो. गाडी जमिनीवर उभी असता एकाने चक्र थोडथोडे डावीउजवीकडे हलवावे. दुसऱ्याने सांध्यांवर हात ठेवावा. ढिला सांधा तत्काळ कळतो. पेटी फाजील आवळल्यास वळणानंतर चक्र आपोआप सरळ येत नाही, आणि किनाऱ्याच्या नागमोडी रस्त्यावर हे जिवावर बेतते.

झिजलेला सांधा बदलावा. ठोकून वा वेल्डिंग करून वापरू नये. नव्या सांध्यास कॉटर पिनही नवीच घालावी व चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे. नुसत्या जॅकवरील गाडीखाली कोणीही शिरू नये. भक्कम आधार द्यावा. पावसाळ्याच्या आधी व नंतर सांध्यांच्या रबरी टोप्या पाहाव्या. फाटल्या असल्यास पाणी व वाळू आत शिरते.

ज्या गाडीत घरची सारी मंडळी बसतात, तिच्या सुकाणूत काटकसर करणे शहाणपणाचे नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे.